पेन ड्राइव्ह हरवला तरी माहिती फुटू नये

जपानमधील आमागासाकी शहराच्या प्रशासनासाठी कंत्राटी काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने २१ जून २०२२ रोजी शहरातील सर्व, म्हणजे सुमारे ४ लाख ६० हजार रहिवाशांची माहिती पेन ड्राइव्हवर घेतली. त्यात नावे, पत्ते, जन्मतारखा आणि कराचा तपशील होताच, शिवाय सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांचे बँक खाते क्रमांकही होते. ओसाका प्रांतातील सुइता शहरात काम आटोपल्यावर त्याने ती माहिती ड्राइव्हवरून पुसली नाही. सहकाऱ्यांबरोबर मद्यपान झाले, परतताना रस्त्यातच त्याला झोप लागली आणि जाग आली तेव्हा बॅग जवळ नव्हती. तीन दिवसांनी बॅग सापडली आणि ड्राइव्ह तिच्यातच होता. मधल्या काळात शहराला एकच आधार होता, तो म्हणजे ड्राइव्हवरील माहिती एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात बदललेली होती. मात्र पत्रकार परिषदेत अधिकाऱ्यांनी हा पासवर्ड अक्षरे आणि अंक मिळून १३ चिन्हांचा असल्याचे सांगून टाकले. शहराचे नाव रोमन लिपीत नऊ अक्षरांचे आहे आणि सालाचे चार अंक धरले की बेरीज तेरा होते, हे लोकांनी समाजमाध्यमांवर लगेच मोजून दाखवले. तो तर्क खरा होता की खोटा, हा प्रश्न वेगळा. पण भक्कम कुलपाची किल्ली कशी असेल याची चर्चा चव्हाट्यावर सुरू झाली होती.

त्याआधी, २०१७ साली लंडनमध्ये रस्त्यावर एक पेन ड्राइव्ह सापडला होता. तो हीथ्रो विमानतळाच्या एका कर्मचाऱ्याचा होता. त्यात ७६ फोल्डर आणि हजाराहून अधिक फाइल्स होत्या, आणि एकीलाही पासवर्ड नव्हता. ज्याला तो सापडला त्याने ग्रंथालयातील संगणकाला लावून तो पाहिला आणि पुढे एका वृत्तपत्राकडे दिला. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये विमानतळ कंपनीला १ लाख २० हजार पौंड दंड केला.

या दोन घटनांत ड्राइव्ह सारखाच हरवला. अंगठ्याएवढी वस्तू खिशातून, बॅगेतून, एसटीच्या सीटवरून किंवा झेरॉक्सच्या दुकानातील संगणकाच्या मागच्या बाजूने हरवतेच. कितीही जपले तरी ती एक दिवस हरवणार हे गृहीत धरून, सापडणाऱ्याच्या हाती काही लागू नये अशी तजवीज आधीच करून ठेवणे एवढेच आपल्या हाती असते. ही तजवीज पहिली फाइल कॉपी करण्यापूर्वी करावी लागते, आणि या लेखाचा सगळा भर त्यावरच आहे.

आधी करण्याची गोष्ट कोऱ्या ड्राइव्हवर का करावी

आपण फाइल डिलीट करतो तेव्हा संगणक फक्त त्या फाइलची नोंद काढतो. मजकूर चिपवर तसाच राहतो. क्विक फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्ह झटपट कोरा करण्याची क्रिया केल्यावरही बहुतेक वेळा हेच होते. खात्री करून घ्यायची असेल तर आपलाच जुना, पुसलेला ड्राइव्ह घ्यावा आणि फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर त्यावर चालवून पाहावे. वर्षभरापूर्वी काढून टाकलेले फोटो आणि अर्ज परत समोर आले की पुढचे काही समजावून सांगावे लागत नाही. ओळखीच्या शिक्षकांना आणि लहान कार्यालयांना मी हे सांगतो, तेव्हा सुरुवात याच प्रयोगाने करतो.

मजकुरावर पुन्हा पुन्हा दुसरे काही लिहून तो नष्ट करण्याचा जुना उपाय हार्ड डिस्कवर चालत असे. पेन ड्राइव्हमधील फ्लॅश चिपवर त्याचा भरवसा देता येत नाही. या चिपमधील प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहून-पुसून चालतो, म्हणून ड्राइव्हमधील कंट्रोलर, म्हणजे त्याचा कारभार पाहणारा भाग, लिखाण वेगवेगळ्या कप्प्यांत वाटून देत राहतो. आपल्याला वाटते की नवी फाइल जुन्या फाइलच्या जागेवर गेली. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच कप्प्यात गेलेली असू शकते आणि जुना मजकूर आपल्याला न दिसणाऱ्या कोपऱ्यात शिल्लक राहतो. त्यामुळे ज्या ड्राइव्हवर महत्त्वाची माहिती एकदा उघडी ठेवली, तो नंतर एन्क्रिप्ट केला तरी पूर्ण स्वच्छ झाला असे छातीठोकपणे सांगता येत नाही. नवा ड्राइव्ह विकत आणावा, त्याच्या पाकिटातून निघाल्याबरोबर तो एन्क्रिप्ट करावा आणि मगच त्यावर काम सुरू करावे.

नवा ड्राइव्ह घेतानाही सावधपणा हवा. काही शे रुपयांत एक किंवा दोन टेराबाइट देणारे ड्राइव्ह बनावट असतात. त्यांचा कंट्रोलर संगणकाला खोटी क्षमता सांगतो आणि खरी जागा भरल्यानंतरच्या फाइल्स वाया जातात. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही मोफत साधने ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून खरी क्षमता दाखवतात. यात तास-दोन तास जातात, पण ही तपासणी टाळू नये.

ड्राइव्हवर काय न्यायचे

माहिती ड्राइव्हवर गेलीच नाही तर तिला कुलपाची गरज पडत नाही. शिक्षक निकालपत्रक घेऊन जातात, तेव्हा त्याच फोल्डरमध्ये विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले आणि पालकांचे बँक तपशीलही निघून जातात, कारण पूर्ण फोल्डर ओढून टाकणे सोपे असते. करसल्लागाराकडे काम करणारा मुलगा एका अशिलाची फाइल हवी असताना पन्नास अशिलांची नेतो. तेव्हा आजच्या कामाला लागणाऱ्याच फाइल्स घ्याव्यात आणि काम झाल्यावर त्या काढाव्यात. ओळख पटवण्यापुरता आधार लागत असेल आणि पूर्ण क्रमांकाची मागणी नसेल, तर आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळणारी, फक्त शेवटचे चार अंक दाखवणारी प्रत वापरावी.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. डाउनलोड केलेल्या ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून ती ड्राइव्हवर उघडी ठेवली तरी चालते असे अनेकांना वाटते. हा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल असते, आणि हे सूत्र सर्वांना ठाऊक आहे. ज्या ड्राइव्हवर आपला बायोडेटा आहे, त्याच ड्राइव्हवर या पासवर्डचे दोन्ही भाग लिहिलेले असतात.

फाइल ‘हिडन’ करणे म्हणजेही सुरक्षा नव्हे. ती दाखवायला एक्सप्लोररमध्ये एक खूण पुरते. एक्सेलमधील ‘प्रोटेक्ट शीट’ हे चुकून आकडे बदलू नयेत यासाठी आहे, वाचू नयेत यासाठी नाही. वर्ड किंवा एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ‘फाइल’, मग ‘इन्फो’ आणि मग ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ असे गेले की मात्र खरे एन्क्रिप्शन होते, आणि एखाद-दुसऱ्या फाइलसाठी ते पुरेसे आहे.

पासवर्ड

पुढच्या सगळ्या उपायांचा भार पासवर्डवर आहे. हरवलेला ड्राइव्ह ज्याच्या हाती लागतो त्याच्याकडे वेळ भरपूर असतो. बँकेच्या संकेतस्थळावर तीन वेळा चुकले की खाते बंद होते; ड्राइव्हची नक्कल काढून तिच्यावर यंत्राकरवी हवे तितके पासवर्ड लावून पाहता येतात. म्हणून शाळेचे नाव आणि साल, मुलांची नावे, गाडीचा क्रमांक, मोबाइल क्रमांक यांतले काहीही येथे टिकत नाही. तोंडपाठ असलेली अभंगाची ओळही घेऊ नये, कारण प्रसिद्ध ओळी अंदाज बांधणाऱ्यालाही ठाऊक असतात.

माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द. ते मनाने ठरवू नयेत, कारण मन नेहमीच्याच वाटेने जाते. शब्दकोश कुठेही उघडावा, बोट ठेवावे आणि तेथील शब्द घ्यावा. असे सहा वेळा करावे. पितळ, वळचण, गोधडी, पाणबुडी, कोयता, सुपारी अशासारखी माळ तयार होते. (हीच माळ अर्थातच वापरू नये.) दोन-तीन दिवस ती मनाशी घोकली की पक्की बसते. हे शब्द टंकित करावे रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये आडवी रेघ देऊन. देवनागरीत पासवर्ड ठेवण्याचा मोह होतो, पण दुसऱ्या संगणकावर मराठी कीबोर्ड नसला किंवा वेगळ्या पद्धतीचा असला तर आपल्याच ड्राइव्हबाहेर उभे राहण्याची वेळ येते. रोमन लिपीतही स्पेलिंग एकच ठरवून घ्यावे. ‘वळचण’ लिहिताना ‘ळ’साठी कोणते अक्षर घेतले होते हे सहा महिन्यांनी आठवायला हवे.

विंडोजवर : बिटलॉकर टू गो

बिटलॉकर टू गो ही पेन ड्राइव्ह एन्क्रिप्ट करण्याची विंडोजमधलीच सोय. ज्यांचा सगळा वावर विंडोजवर आहे त्यांच्यासाठी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. ही सोय विंडोज ७ पासून आहे. विंडोज १० आणि ११ च्या प्रो, एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत ड्राइव्ह एन्क्रिप्ट करता येतो. होम आवृत्तीत तसा तयार करता येत नाही, पण तयार केलेला ड्राइव्ह पासवर्ड देऊन उघडता येतो आणि त्यावर लिहिताही येते. म्हणजे घरी होम आवृत्ती असली आणि कार्यालयात प्रो असली, तर कार्यालयात एकदा कुलूप लावून घ्यावे; पुढे दोन्हीकडे काम होते. आपली आवृत्ती ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टम’ आणि त्यातील ‘अबाउट’ येथे दिसते.

सुरुवातीला, ड्राइव्हवर काही असेल तर त्याची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. मग ड्राइव्ह लावून ‘धिस पीसी’ उघडावे, त्याच्या चिन्हावर राइट क्लिक करावे आणि ‘टर्न ऑन बिटलॉकर’ निवडावे. विंडोज ११ मध्ये हा पर्याय समोर दिसला नाही तर ‘शो मोअर ऑप्शन्स’मध्ये पाहावे. ‘यूज अ पासवर्ड टू अनलॉक द ड्राइव्ह’ यावर खूण करून पासवर्ड दोनदा टंकित करावा.

यानंतर येणारी पायरी लोक घाईने उरकतात आणि नंतर पस्तावतात. विंडोज विचारते की रिकव्हरी की कोठे ठेवायची. ही ४८ अंकी संख्या म्हणजे पासवर्ड विसरल्यावर ड्राइव्ह उघडण्याचा एकमेव मार्ग आहे. ती हरवली आणि पासवर्डही विसरला तर कोणताही दुरुस्तीवाला माहिती परत काढून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवणे, फाइल म्हणून साठवणे आणि छापून घेणे असे पर्याय मिळतात. छापलेला कागद घरातील दागिन्यांच्या किंवा खरेदीखताच्या जागी ठेवावा, असा माझा आग्रह असतो. त्यावर ड्राइव्ह ओळखू येईल अशी खूण करावी, कारण तीन ड्राइव्ह झाले की कोणता कागद कोणाचा हे समजत नाही. फाइल साठवायची असेल तर घरच्या संगणकावर साठवावी. चावी आणि कुलूप एकाच बॅगेत नेऊ नये. कागदाची घडी पेन ड्राइव्हच्या डबीत ठेवणारेही मी पाहिले आहेत.

पुढचा प्रश्न असतो तो फक्त वापरलेली जागा एन्क्रिप्ट करायची की पूर्ण ड्राइव्ह. अगदी नवा ड्राइव्ह असेल तर पहिला पर्याय पुरतो आणि काम लवकर होते. आधी वापरलेला असेल तर पूर्ण ड्राइव्हचाच पर्याय घ्यावा, नाहीतर डिलीट केलेल्या जुन्या फाइल्स मोकळ्या जागेत उघड्याच राहतात. त्यानंतर एन्क्रिप्शनची पद्धत विचारली जाते. ड्राइव्ह वेगवेगळ्या, विशेषतः जुन्या संगणकांना लावायचा असल्याने ‘कम्पॅटिबल मोड’ निवडावा. मग काम सुरू होते. मोठ्या आणि मंद ड्राइव्हला बराच वेळ लागतो. मध्येच तो उपसून काढू नये. थांबायचेच असेल तर ‘पॉज’ दाबावे.

सगळे झाल्यावर ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून परत लावावा आणि पासवर्ड मागितला जातो का हे पाहावे. त्याच बैठकीत रिकव्हरी की वापरूनही एकदा उघडून पाहावे. कागदावरचा एखादा अंक पुसट छापला गेला असेल तर ते आजच कळलेले बरे. ‘ऑटोमॅटिकली अनलॉक ऑन धिस पीसी’ ही सोय घरातील टेबलावरच्या संगणकापुरती ठीक आहे. लॅपटॉपवर ती ठेवू नये, कारण लॅपटॉप आणि ड्राइव्ह एकाच बॅगेत असतात आणि एकत्रच चोरीला जातात.

मॅक आणि अँड्रॉइड फोन बिटलॉकरचा ड्राइव्ह स्वतःहून उघडत नाहीत. फोनला ओटीजीने ड्राइव्ह लावणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. फोनने ‘फॉरमॅट करू का’ असे विचारले तर नाही म्हणावे.

होम आवृत्ती असेल किंवा संगणक वेगवेगळे असतील तर : व्हेराक्रिप्ट

ट्रूक्रिप्ट नावाचे एन्क्रिप्शनचे जुने सॉफ्टवेअर मे २०१४ मध्ये बंद पडले. त्याच्या आधारे २०१३ पासून तयार होत असलेले व्हेराक्रिप्ट आज त्याची जागा चालवते. ते मोफत आहे, त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्राम, सर्वांना पाहायला खुला आहे आणि ते विंडोज, लिनक्स व मॅकवर चालते, मात्र मॅकवर जोडीला आणखी एक सॉफ्टवेअर लागते. ते मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे. ‘फ्री डाउनलोड’ म्हणून शोधात वर येणाऱ्या इतर ठिकाणांवरून सुरक्षेचे सॉफ्टवेअर घेणे अत्यंत धोक्याचे आहे.

व्हेराक्रिप्टने पूर्ण ड्राइव्हही एन्क्रिप्ट करता येतो, पण मी तसे सुचवत नाही. असा ड्राइव्ह विंडोजला लावला की तो विंडोजला कोरा किंवा बिघडलेला वाटतो आणि ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी चौकट येते. घरातल्या कोणीतरी सद्हेतूने ‘हो’ म्हटले की सगळे गेले. त्याऐवजी ड्राइव्हवर एक मोठी कुलूपबंद फाइल तयार करावी, जिला कंटेनर म्हणतात. ती उघडली की वेगळ्या ड्राइव्हसारखी दिसते.

त्याआधी ड्राइव्ह कोणत्या फाइल सिस्टमचा, म्हणजे फाइल्स मांडून ठेवण्याच्या कोणत्या पद्धतीचा आहे ते पाहावे. एफएटी३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर मावत नाही. तेव्हा तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. मग व्हेराक्रिप्टमध्ये ‘क्रिएट व्हॉल्यूम’ दाबावे, ‘एन्क्रिप्टेड फाइल कंटेनर’ आणि ‘स्टँडर्ड व्हॉल्यूम’ निवडावे, ड्राइव्हवर फाइलचे नाव द्यावे आणि एन्क्रिप्शनसाठी समोर असलेला एईएस हाच पर्याय राहू द्यावा. आकार ठरवताना थोडी जागा मोकळी सोडावी. पासवर्ड दिल्यावर एक पडदा येतो ज्यावर माउस वेडावाकडा फिरवायला सांगतात. तो खेळ नाही. त्या हालचालींतून चाव्या तयार करण्यासाठी लागणारा अनियमितपणा मिळतो. पट्टी पूर्ण हिरवी होईपर्यंत माउस फिरवावा आणि मग ‘फॉरमॅट’ दाबावे.

रोजच्या वापरात ‘सिलेक्ट फाइल’ने ती फाइल निवडून, यादीतील ड्राइव्हचे एक अक्षर निवडून ‘माउंट’ करावे, म्हणजे ती उघडावी, काम करावे आणि मग आधी व्हेराक्रिप्टमधून ती बंद करावी, त्यानंतर ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करावा. हा क्रम उलटला तर कंटेनर खराब होऊ शकतो. कंटेनरच्या सुरुवातीच्या छोट्या भागात चाव्यांची माहिती असते आणि तेवढाच भाग बिघडला तरी बरोबर पासवर्ड असून काही उघडत नाही. म्हणून ‘व्हॉल्यूम टूल्स’मधून ‘बॅकअप व्हॉल्यूम हेडर’ करून ती छोटी फाइल घरच्या संगणकावर ठेवावी. कंटेनरचे नाव अगदीच निरर्थक ठेवू नये, नाहीतर जागा करण्यासाठी आपणच ती एखाद्या दिवशी उडवतो.

या मार्गाची एक मर्यादा आहे. विंडोजवर व्हेराक्रिप्ट बसवायला किंवा ड्राइव्हवरूनच चालवायला प्रशासकाचे अधिकार लागतात, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा सरकारी कार्यालयात ते मिळत नाहीत. अशा ठिकाणी एखादे फोल्डर न्यायचे असेल तर सेव्हन-झिप या फाइली एकत्र बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने ‘सेव्हन-झेड’ प्रकारातील फाइल करावी, पासवर्ड द्यावा आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर खूण करावी. ती खूण राहिली तर आतला मजकूर वाचता येत नसला तरी फाइलींची नावे दिसतात, आणि कधी कधी नावच पुरेसे असते. एवढे ध्यानात ठेवावे की अशा फाइलमधून दस्तऐवज थेट उघडला तर त्याची तात्पुरती प्रत त्या संगणकावर तयार होते.

मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’मध्ये ‘एपीएफएस एन्क्रिप्टेड’ आणि लिनक्सवर ‘डिस्क्स’मध्ये ‘लक्स’ निवडून ड्राइव्ह फॉरमॅट करता येतो. दोन्ही चांगले आहेत, पण ते बहुधा आपापल्या घरातच उघडतात.

पासवर्डची बटणे किंवा बोटाच्या ठशाची सोय असलेले महागडे ड्राइव्हही मिळतात. त्यांत चांगले आहेत, तरी केवळ जाहिरातीवर विसंबू नये. जानेवारी २०१० मध्ये सॅनडिस्क, किंग्स्टन आणि व्हर्बाटिम यांच्या काही हार्डवेअर-एन्क्रिप्टेड ड्राइव्हमध्ये मोठी त्रुटी उघड झाली होती. पासवर्ड बरोबर आहे की नाही हे संगणकावरील सॉफ्टवेअर ठरवत होते आणि ते ड्राइव्हला दर वेळी एकच ठरलेला संदेश पाठवत होते. तो संदेश मिळाला की ड्राइव्ह पासवर्डविना उघडत असे. त्या ड्राइव्हना अमेरिकी सरकारी प्रमाणपत्र होते आणि आतले एन्क्रिप्शनही भक्कम होते. पासवर्डची तपासणी ड्राइव्हच्या आतच होते का, हे घेण्यापूर्वी पाहावे.

परका संगणक : दोन ड्राइव्ह ठेवावेत

एन्क्रिप्शन हे बंद कुलपासारखे आहे. एकदा पासवर्ड दिला की त्या संगणकाला सगळे मोकळे दिसते, आणि त्या संगणकावर व्हायरस असला तर त्यालाही दिसते. शिवाय टंकित केलेला पासवर्ड नोंदवून ठेवणारे सॉफ्टवेअर असू शकते. म्हणून कुलूपबंद ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत उघडूच नये. त्यासाठी स्वस्तातला, कमी क्षमतेचा दुसरा ड्राइव्ह ठेवावा आणि त्यावर छापायची तेवढीच पीडीएफ न्यावी. दोन्ही ड्राइव्हचे रंग वेगळे असावेत, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही.

दुकानात फाइल थेट ड्राइव्हवरून छापायला सांगावी. बहुतेक ठिकाणी ती आधी डेस्कटॉपवर ओढतात आणि ती तिथेच राहते. अनेक दुकानांच्या डेस्कटॉपवर अनोळखी लोकांची आधार कार्डे आणि गुणपत्रिका रांगेने पडलेल्या दिसतात. तशी ओढली गेली असेल तर समोरच डिलीट करायला आणि रिसायकल बिन रिकामा करायला सांगण्यात संकोच करू नये. ‘व्हॉट्सअ‍ॅप करा’ ही सोय त्याहून वाईट आहे, कारण कागद दुकानाच्या फोनवर कायमचे राहतात आणि तिथून त्यांच्या प्रती आणखी कुठे जातात हे आपल्याला कळत नाही.

या दुकानी ड्राइव्हवर परतताना बहुधा शॉर्टकट व्हायरस येतो. खरे फोल्डर लपवले जातात आणि त्यांच्या जागी तशाच चिन्हाचे शॉर्टकट दिसतात. त्यावर दोनदा क्लिक केले की व्हायरस आपल्या संगणकावर चालू होतो. असे दिसले तर कशावरही क्लिक करू नये. अँटिव्हायरसने तपासणी करावी, ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइल्स दाखवण्याची खूण करावी, खऱ्या फाइल्स हव्या असल्यास काढून घ्याव्यात आणि ड्राइव्ह फॉरमॅट करावा. त्यावर आपण प्रतीच नेल्या होत्या, त्यामुळे बहुधा थेट फॉरमॅटच पुरतो. दुसऱ्या ड्राइव्हचा हा मोठा फायदा आहे.

रस्त्यात किंवा जिन्यात सापडलेला अनोळखी ड्राइव्ह आपल्या संगणकाला लावू नये. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ ड्राइव्ह मुद्दाम टाकून पाहिले, तेव्हा सुमारे ४५ टक्के ड्राइव्हवरील फाइल्स सापडणाऱ्यांनी उघडल्या. ड्राइव्हच्या आतील फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारे सॉफ्टवेअर, बदलून तो संगणकासमोर कीबोर्ड म्हणून उभा राहू शकतो आणि स्वतःच आज्ञा टंकित करू शकतो, हे २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवून दिले आहे. फाइलींची तपासणी करणाऱ्या अँटिव्हायरसला हा बदल दिसत नाही.

दुसरी प्रत

एन्क्रिप्शनमुळे माहिती दुसऱ्याच्या हाती पडत नाही, पण ती नष्ट होण्यापासून वाचत नाही. उलट खराब झालेल्या एन्क्रिप्टेड ड्राइव्हवरून काही परत काढणे फार कठीण असते. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आहे, साठवणुकीसाठी नाही. त्यावरील प्रत्येक गोष्टीची निदान एक प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी, आणि ती प्रतही एन्क्रिप्ट केलेली असावी.

लहान कार्यालयासाठी

विंडोज प्रोमध्ये ग्रुप पॉलिसीतील (संगणकांसाठी नियम ठरवण्याच्या सोयीतील) बिटलॉकरच्या विभागात, ‘रिमूव्हेबल डेटा ड्राइव्ह्ज’खाली, बिटलॉकर नसलेल्या ड्राइव्हवर लिहिण्यास मनाई करणारी एक तरतूद आहे. ती सुरू केली की कर्मचारी उघड्या ड्राइव्हवरून फाइल वाचू शकतात, पण त्यावर काही नेऊ शकत नाहीत. या एका बदलाने जेवढे साधते तेवढे परिपत्रकांनी साधत नाही. कोणते ड्राइव्ह लावता येतील यावर नियंत्रण ठेवण्यासाठी सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेले ‘यूएसबी प्रतिरोध’ हे मोफत साधन केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने उपलब्ध करून दिले आहे. सोबत एक साधी वही ठेवावी आणि तीत ड्राइव्हचा क्रमांक, तो कोणी नेला, केव्हा नेला, त्यावर काय होते आणि केव्हा परत आला हे लिहावे. आपल्या देशात २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि लोकांची माहिती आपल्याकडे आहे म्हणजे तिची जबाबदारीही आपल्याकडे आहे.

ड्राइव्ह टाकून देताना आणि हरवल्यावर

पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्ट केलेला ड्राइव्ह फॉरमॅट करून दुसऱ्याला देता येतो. कधीही उघडा वापरलेला ड्राइव्ह मात्र कोणाला देऊ नये. तो बिघडला म्हणून फेकायचा असेल तर प्लास्टिक काढून आतली काळी चौकोनी चिप पकडीने किंवा हातोडीने फोडावी. धातूचे टोक वाकवून काही होत नाही, कारण माहिती चिपमध्ये असते. फोडताना डोळ्यांवर चष्मा असावा, आणि तुकडे ई-कचऱ्यात द्यावेत.

ड्राइव्ह हरवला की प्रथम त्यावर काय होते ते आठवून लिहून काढावे. वही असेल तर हे पाच मिनिटांचे काम आहे. कुलूप होते का, आणि पासवर्ड किंवा रिकव्हरी की त्याच बॅगेत होती का, याचे प्रामाणिक उत्तर द्यावे. कुलूप नव्हते असे धरावे लागले तर त्यावरील ई-मेल आणि बँकेचे पासवर्ड त्याच दिवशी बदलावेत, बँकेला कळवावे, आणि ज्यांची माहिती होती त्यांना व आपल्या वरिष्ठांना लगेच सांगावे. कुलूप होते, तर कुलूप होते एवढेच सांगावे. पासवर्ड किती अक्षरांचा होता, त्यात अंक होते की नव्हते, हे कोणी कितीही विचारले तरी सांगू नये. ड्राइव्ह परत मिळाला तर तो कामाच्या संगणकाला लावू नये. त्यातील माहितीची दुसरी प्रत आपल्याकडे असते, म्हणून चिप फोडावी, नवा ड्राइव्ह आणावा आणि त्याला नव्या शब्दांचा पासवर्ड द्यावा.